प्रतवारी

प्लॉव्दिव्हच्या तंबाखूच्या वखारीत
बावीस वर्षं मी पानं निवडली.
नुसता अंगठा फिरवला की कळायचं:
हे शेंड्याचं, ऊन प्यायलेलं,
हे बुडाचं, मातकट,
हे चुऱ्यात टाका.
बोटं पिवळी झाली ती कामानं.
वखार बंद पडल्यावरही पिवळीच राहिली,
ती माझ्या कर्मानं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीशी धरला,
बराच वेळ धरला.
बोलल्या काहीच नाहीत. तेवढं पुरलं.

मग औषधांच्या दुकानात
कालिननं काचेवर एकेक मांडलं
आणि मी सवयीनं प्रत लावू लागले.

पट्टी. दंडाला चिकटवायची, बाहीखाली झाकते.
पण दंडानं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही,
मागतात ती ही दोन बोटं.

च्युइंगम. कवळी त्याच्यासोबत निघून येईल.

रोज एक कमी करत जायचं, म्हणाला.
अरे, मी मापात काटा मारणाऱ्यांत वाढले,
बाराव्या सिगारेटला अकरावी कसं म्हणायचं
हे मला शिकवू नकोस.

एका झटक्यात, तशी ल्यूबेननं सोडली होती.
पाकीट मारित्सेत भिरकावलं,
पुलावर भेटेल त्याला सांगत सुटला.
तिसऱ्या दिवशी कठड्याला टेकून
पाण्याकडे असा बघत होता
जणू नदीनं त्याच्याकडून उसनं घेतलंय.

"मग ह्या गोळ्या," कालिन म्हणाला,
"पिवळे घोस लोंबतात ना, त्या झाडाच्या बियांतल्या.
पाचव्या दिवसापासून मात्र सिगारेट बंद."

ते झाड वखारीच्या आवारातच होतं.
आई माझ्या हातातून शेंगा हिसकून घ्यायची:
तोंडात घालशील तर मरशील.
आता त्याच्याच गोळ्या मोजून घ्यायच्या, घड्याळ लावून.
पटलं, असं नाही म्हणणार.
ओळखीचं निघालं, एवढंच.

सोडते, सोडते म्हणत
चाळीस वर्षांत मी सोडला तो धूर.

पाचवा दिवस. संध्याकाळ.
शेजारच्या बाल्कनीत योर्दान येऊन उभा राहिला.
ल्यूबेन गेल्यापासून आम्ही असेच,
तो तिथे, मी इथे,
एक सिगारेट संपेपर्यंत.
बोलत नाही.
ह्यावरची गोळी कालिनच्या काचेवर नव्हती.

दाराआड मी किती वेळ होते, माहीत नाही.
मग मूठभर सूर्यफुलाच्या बिया घेतल्या, बाहेर गेले.
योर्दाननं खिसे चाचपले, भुवई उचलली.
मी काडेपेटी फेकली. त्यानं झेलली.
"राहू दे तुझ्याकडेच," म्हटलं.

त्यानं सिगारेट पेटवली नाही.
काडेपेटी कानाशी हलवून पाहिली,
आत किती उरल्यात ते.
"मग उद्या कशासाठी येशील?"

नऊ वर्षांतलं त्याचं हे पहिलं वाक्य.

मी एक बी फोडली,
टरफल खाली टाकलं.
दुसरी फोडली.