ळ

नेरूळच्या ह्या घराला दोन खोल्या आणि एक बाल्कनी,
बाल्कनीत वॉशिंग मशीन.
आतली खोली ह्यांना दिली, बाहेरची आम्हा तिघांना.
मधलं दार सिडकोनं बसवलेलं, दमट हवेत फुगतं,
खाली बोटभर फट.
दहा वर्षं मी म्हणत होते, सुताराला बोलवा,
झुरळं येतात फटीतून.
बरं झालं, नाही बोलावला.

पहिल्या दिवशी फटीतून रक्ततपासणीचा कागद गेला,
दुसऱ्या दिवशी प्रज्योतचं न सुटणारं गणित,
मग शिवन्यानं रेघा मारलेलं पान:
नाव, गाव, फळ, फूल.
आत गेलेला कागद बाहेर यायचा नाही, हा नियम.
म्हणून हे आतून वाचून दाखवायचे
आणि आम्ही बाहेर फरशीवर पालथे,
गाल गार, कान फटीला.

गुणांचा हिशेब ह्यांच्याकडेच.
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात बावीस वर्षं मापाडी.
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात,
तसंच दाराआडून यायचं:
"शिवन्या लाभ, प्रज्योत दोन,
तुमच्या आईचं पोतं रिकामं."
फणस दोघांनी लिहिला तर पाच-पाच.
पपई आणि पपया एकच, वाद नाही.
काटा मारणं ह्यांना कधी जमलं नाही.
व्यापारी म्हणायचे, जरा सांभाळून घ्या;
हे चष्मा पुसून परत वजन घ्यायचे.

संध्याकाळी सातला पालिकेतून फोन यायचा.
त्याआधी मी विचारायची, किती?
बोटाला चिमटा लावून हे स्वतःचं माप सांगायचे:
शहाण्णव.
दुसऱ्या दिवशी शहाण्णव.
तिसऱ्या दिवशीही.
प्रज्योत हळूच म्हणाला,
"आई, बाबांचा काटा अडकलाय का?"
मी म्हटलं, अभ्यास कर.

समोरच्या सुब्बलक्ष्मी मावशी
उंबऱ्याशी डबा ठेवून, बेल वाजवून पळायच्या,
साठी ओलांडलेली बाई, खोडकर पोरासारखी.
पाम बीच रोड मुका झाला होता,
त्यामुळे रात्री आतला खोकला मोजता यायचा.
मी मोजायची. लाभ, दोन, तीन.
तेरानंतर झोप लागायची, किंवा नाही.

नवव्या दिवशी शिवन्यानं अक्षर सांगितलं: ळ.
"ळवरून काहीच सुरू होत नाही," प्रज्योत ओरडला,
"रडीचा डाव आहे हा."
ती हटून बसली. पाळी तिची होती.
पेन्सिली थांबल्या.
आतही काही हलेना.
इतका वेळ हलेना
की मी उठले, कडीला हात घातला.

तेव्हा खर्जातून आवाज आला:
"मध्ये नाहीतर शेवटी आला तरी चालेल.
घ्या लिहून.
नाव, गोपाळ.
गाव, आपलं नेरूळ.
फूल, कमळ.
फळ..."
आणि खोकला.
शिवन्या म्हणाली, "फळ! बाबा, फळ हेच फळ!"
आत हसू फुटलं, मग पुन्हा खोकला,
मग बराच वेळ दोन्ही मिसळून काहीतरी.
तिला दहा दिले ह्यांनी.
नियमाबाहेर जाऊन, पहिल्यांदाच,
असं मला तेव्हा वाटलं.

सतराव्या दिवशी दार उघडलं.
खांदा लावावा लागला, चांगलंच फुगलं होतं.
हे आधी मोरीत गेले.
मी कागद गोळा करत होते, जाळायचे होते.
प्रत्येक पानामागे कोपऱ्यात
मार्केटच्या वहीसारखे बारीक आकडे:
त्र्याण्णव.
एक्क्याण्णव.
एक्क्याण्णव.
ळच्या पानामागे एकोणनव्वद,
आणि त्याखाली, दोनदा गिरवून,
"घरात शहाण्णव सांगितले."
तारीख. सही.

बाकीचे जाळले.
ते एक पान घडी करून गव्हाच्या डब्यात, तळाशी.

हे बाहेर आले, केस ओले, गाल आत गेलेले,
दाराकडे बघत म्हणाले,
आता सुताराला बोलावून टाकू.
मी म्हटलं, राहू दे.
झुरळं तर झुरळं.