हायड्रोफोनवाल्याची साक्ष

बंदरावर आज पुन्हा वाचलं ते मानपत्र.
अथेन्सहून आलेला पोरगेला अधिकारी,
बोट कापेल अशी बाह्यांची इस्त्री,
'अतुलनीय', 'असामान्य', 'शत्रूच्या उरात धडकी'.
माईक मध्येच शिट्टी मारत होता.
मी पुढच्या खुर्चीत. डावा कान गेलाय, उजवा अर्धा.
लोकांना वाटलं, म्हातारा पेंगतोय.

अल्कियोन पाणबुडीवर मी कान होतो
कॅप्टन थेमेलिस कुलियास यांचा.
डोळा त्यांचा, पेरिस्कोपचा,
पण खाली बुडी मारली की सगळेच आंधळे,
आणि सत्तेचाळीस जीव
माझ्या दोन कानांच्या मधोमध.

मानपत्रात आहे: टॉर्पेडो दोन, जहाज एक, सहा हजार टनांचं.
खरं आहे ते.
त्या जहाजावर खेचरं होती, हे मानपत्रात नाही.
लोखंड फाटतं कसं, ते मला शिकवलं होतं.
जहाजाच्या पोटात बांधलेली जनावरं
खाली जाताना पत्र्यावर टापा कशा मारतात,
हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.
"काय ऐकू येतं?" कॅप्टननी विचारलं.
"जहाज बुडतंय," मी म्हणालो.
ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले,
मग हेडफोनची एक वाटी स्वतःच्या कानाला लावली
आणि सगळं शांत होईस्तोवर काढली नाही.

मग दोन विनाशिका आल्या.
डेप्थ चार्ज मी मोजले एकसष्टपर्यंत,
पुढे आकड्यांना अर्थ उरला नाही.
बूट काढलेले. पंखे बंद.
स्वयंपाकी पांदेलिस चमचे कुशीत घेऊन निजलेला,
जणू तान्ही पोरं.
आणि अशात पुढच्या खोलीतला एक सांधा गळू लागला.
टप.
पत्र्यावर.
टप.

कॅप्टनचा बाप कालिम्नोसचा, समुद्रातून स्पंज काढणारा.
चाळीस वाव खोल गेला एकदा, वर आला
तो कमरेखाली लाकूड होऊन.
त्याच्या होडीतला एक स्पंज, मुठीएवढा, काळपट,
कॅप्टनच्या खिशात असायचा.
आम्ही समजायचो तावीज.
अनवाणी पायांनी ते त्या सांध्याखाली जाऊन बसले
आणि थेंब स्पंजावर झेलू लागले.
भरला की आपल्याच सदऱ्यावर पिळायचे.
बादलीत नाही.
बादली बोलते.

चौदा तास.
तिथूनच हुकूम, ओठांच्या हालचालींनी,
माणसामागून माणूस करत सुकाणूपर्यंत.
छातीपासून गुडघ्यापर्यंत चिंब, दात वाजू नयेत म्हणून
टोपीची कड चावत.

पुढे कधीतरी एका इंजिनिअरनं मला हसून सांगितलं:
एवढासा थेंब वर ऐकूच जात नाही, शक्य नाही, आजोबा.
बरोबर आहे त्याचं.
पण आम्हाला जात होता.
इंजिनवरच्या नोमिकोसला जात होता, एकोणीस वर्षांचा पोरगा,
प्रत्येक टपबरोबर त्याच्या घशात
एक किंकाळी इंचभर वर सरकत होती,
आणि ती ऐकणारे पाणबुडीत दोघंच,
मी
आणि कॅप्टन.

नोमिकोस आता तीन नातवंडांचा आजा, ऑस्ट्रेलियात.
पत्र पाठवतो, त्यात युद्धाचा शब्द नसतो.

कॅप्टनच्या घरी मेडल बटणांच्या डब्यात असायचं.
मी एकदा विचारलं, आणि तो स्पंज?
कलियोपीनं मोरीकडे मान वळवली.
त्यानंच ती कॉफीचे कप घासत होती,
आणि कॅप्टन म्हणाले, "चांगला आहे अजून, टाकायचा कशाला?"

बिगुल वाजलं. हार पाण्यात सोडला,
तो लगेच धक्क्याला येऊन चिकटला, एका मुलानं काठीनं ढकलला.
अधिकारी वाकून मला म्हणाला, काही बोलाल का दोन शब्द?
मी उजवा कान समुद्राकडे केला.
टापा येतात अजून.
थेंब मात्र नाही.