नऊ दिवसांचं विमान

कुओपिओत दुपारी तीनलाच अंधारतं.
इल्मारी दिवा जवळ ओढतो,
चिमट्यात ब्लेनहाइमच्या मशीनगनची नळी,
भाताच्या शिताएवढी.

पंखावर, बूट पडायचा तिथं,
चंदेरी ठिपके दिले.
धुराड्यामागे काजळी फासली
स्पंजानं, हलक्या हातानं.
"छान मुरलंय," आइली म्हणाली
कॉफी ठेवता ठेवता.

मग वही उघडली.
ताउनोमामा. पहिलं उड्डाण चौदा जानेवारी.
शेवटचं, तेवीस.

नऊ दिवसांत रंग कुठला उडायला?
काजळी तरी किती धरणार?

कापूस स्पिरिटमध्ये बुडवून
पुसत बसला मग,
रात्र सरेपर्यंत.
विमान पुन्हा कोरं.

बुटाचा एक ठसा तेवढा राहिला.
निघाला नाही,
की त्यानंच काढला नाही —
आइलीनं विचारलं नाही.