पोच

आवक-जावकच्या खिडकीत मला एकवीस वर्षं झाली.
शिक्का कधी उचलायचा, हे हाताला कळतं.
अर्जावर वजन नसेल तर नुसता ठेवून घ्यायचा,
"साहेब साइटवर गेलेत" म्हणायचं.
पोच मागणारा शंभरात एखादा,
त्यालाही "उद्या या" पुरतं.

नर्मदा खोपकर उद्या आली नाही.
ती त्याच दिवशी बसून राहिली,
भिंतीकडच्या बाकावर, पंख्याच्या वाऱ्याबाहेर,
मांडीवर कुणाचा तरी जांभळा ब्लाउज,
हुकं लावत.
साडेपाचला मी ड्रॉवरला कुलूप घातलं
तेव्हा तिचे तीन ब्लाउज झाले होते.
"दादा, पोच."
एवढंच.

कागद मी तेव्हा वाचला.
दहाचा कोर्ट फी स्टँप तिरपा चिकटवलेला,
अक्षर शाळकरी, बहुधा मुलीचं.
त्यात शिव्या नव्हत्या, न्याय द्या नव्हतं,
भ्रष्टाचार हा शब्दसुद्धा नव्हता.
भांडुपच्या टेकडीवर, नळापासून आमच्या चाळीपर्यंत
पायऱ्या किती बांधल्या,
ती मोजवही मला बघायची आहे.
खाली सही.

मी शिक्का मारला.
दया आली म्हणून नाही,
मुलुंडची बस चुकत होती म्हणून.

तीस दिवस कुणी उत्तर दिलं नाही, अर्थात.
एकतिसाव्या दिवशी ती अपील घेऊन आली
आणि मागे पाच बायका, प्रत्येकीचा अर्ज निराळा.
एकीला बिलाची नक्कल हवी,
एकीला सिमेंटच्या गोणींचा हिशेब,
एकीला फक्त काम बघून सही करणाऱ्याचं नाव.
सुगंधाआजी सही शिकून आली होती,
तिने ती दोनदा केली.
एक अर्ज हरवता येतो.
सहा हरवायला कपाट लागतं.

मधल्या काळात कंत्राटदाराचा माणूस
तिच्या घरी मोटरचं नवं मशीन घेऊन गेला, असं ऐकलं.
तिने पावती मागितली.
मशीन टेकडी उतरून परत गेलं.

शेवटी मोजवही उघडली.
पायऱ्या: एकशे अठ्ठेचाळीस.
"सत्त्याण्णव," ती म्हणाली,
"रोज दोन हंडे घेऊन चढते. गुडघ्यांना विचारा."
"मोजायची पद्धत वेगळी असते, बाई," इंजिनियर म्हणाले.
तिने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.
"साहेब, कापड उरवायचं कसं ते मला ठाऊक आहे.
सव्वा मीटर मागायचं, मीटरभरात बसवायचं.
मीसुद्धा उरवलंय, खोटं कशाला बोलू.
पण गिऱ्हाइकाच्या अंगात ब्लाउज गेला पाहिजे हो.
तुमचा तर एक बाहीच नाही."

खोलीत कुणी हसलं नाही.
मला हसू आलं, मी खोकलो.

मग ते चढले, इंजिनियर पुढे, टेप मागे,
वरून पोरं मोठ्यानं आकडे म्हणत होती.
सत्त्याण्णवला टेकडी संपली
आणि उरलेल्या एक्कावन्न पायऱ्या
फक्त कागदावर चढत राहिल्या.

पुढचं फार मोठं नाही.
इंजिनियरची बदली झाली, तीही चांगल्या वॉर्डात.
चाळीस पायऱ्या नव्याने बांधल्या, संडासाच्या बाजूने.
अकरा अजून फायलीत आहेत.
नर्मदाबाई दर पहिल्या सोमवारी येते,
हुकं लावत बसते, विचारते, जाते.
माझी आई म्हणायची, माणसाला पोच हवी.
ती ह्या पोचबद्दल बोलत नव्हती.
किंवा असेलही.

काल एका पोराने दुकानाच्या परवान्याखाली
पन्नासची नोट सरकवली.
मी अर्ज घेतला, शिक्का मारला,
तारीख नीट उठली का पाहिली
आणि नोट परत सरकवली.
तो घाबरला. त्याला वाटलं कमी पडले.

त्या पन्नासची पोच
मला कुणी दिली नाही.