मशीनवाले, बेस्ट

खमरभाईनं कॅसेटच्या पुठ्ठ्यावर
बॉलपेननं लिहिलं होतं : मशीनवाले, बेस्ट.
बँडचं खरं नाव त्यालाही वाचता आलं नव्हतं.
मूळ कॅसेट त्याच्या भाच्यानं दुबईहून आणलेली,
तिच्यावर चौदा गाणी.
माझ्या साठ मिनिटांच्या फितीत बारा मावली,
बारावंही अर्धंच.
"बाकी का क्या करते?" खमरभाई म्हणाला,
"सब एकीच सरीका बजता."

सेलू. स्टेशन रोड.
डख उस्तादाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
मी तांब्याची तार मोजून भरायचो,
एका खाचेत अठ्ठावन्न वेढे,
आणि खोक्यावरच्या टेपमध्ये ते चौघं
(चौघं की दोघं, फोटो नव्हता)
एकच सूर वेढ्यावर वेढे देत जायचे.
उस्ताद एकदा हातातला पाना थांबवून म्हणाला,
"बेअरिंग गेलंय बे कुण्या तरी मोटारीचं, बघ."
"गाणं हाय, उस्ताद."
त्यानं पुन्हा कान लावला. बराच वेळ.
"गेलंय, पण गोड गेलंय."

तिसऱ्या गाण्यात एक ठोका यायचा राहतो.
दर आठव्या खेपेला तिथं रिकामी जागा,
अंधारात जिन्याची पायरी चुकावी तशी,
आणि पाय हवेत असतानाच
पुढचा ठोका येऊन झेलतो.
ती जागा ऐकवायला मी लोकांना दुकानात बोलवायचो.
लोक म्हणायचे, कुठंय?
मी म्हणायचो, तीच तर.

पाचव्यात एक बाई आहे.
अख्ख्या गाण्यात एकच शब्द,
कुठल्या भाषेतला देव जाणे,
मला तो ऐकू यायचा : येऊ का.
येऊ का, येऊ का,
अडीचशे वेळा तरी विचारते,
आणि मागची यंत्रं तिला हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

लोडशेडिंग तेव्हा चौदा तासांचं.
ज्या संगीताचा एक सूरही विजेवाचून जन्मत नाही
ते मी ऐकलं चार सेलांवर.
सेल उतरले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे,
दाताखाली दाबायचे, जागा बदलून घालायचे.
त्यातून एक गाणं निघायचं. फार तर दीड.
तेही हळूहळू जड होत जायचं,
कापसानं भरलेली गाडी चढाला लागल्यासारखं,
सूर खाली, आणखी खाली,
आणि ती बाई घोगऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजात विचारायची,
येऽऽऊ
काऽ
मग खट्.

परवा शलाकानं फोनवर सगळा संग्रह काढून दिला.
चौदाच्या चौदा, धुऊन पुसून लख्ख.
म्हणाली, "बाबा, त्या शब्दाचा अर्थ शोधू का?"
मी म्हणालो, "नको."
पहिलं सुरू झालं आणि मला वाटलं
यांना कुठली तरी गाडी पकडायचीय.
इतक्या घाईत होते हे? माझ्याकडे तर
निवांत असायचे.
तेरावं ठीक आहे. चौदावं नसतं तरी चाललं असतं.
(खमरभाईला हे सांगायचं नाही.)
पण बाराव्याचा उरलेला अर्धा!
वीस वर्षं मी तो मनात पुरा करत आलो,
कधी ढोल घातले, कधी ती बाई परत आणली.
प्रत्यक्षात काय, तर
एकेक यंत्र बंद होत जातं,
शेवटी नुसती घूं उरते,
संध्याकाळी उस्ताद मेन स्विच पाडायचा
त्याच्या आधी दुकानात उरायची ती.
आणि माझा अंगठा उठला, बाजू बदलायला.

खमरभाई आता मोबाइलची कव्हरं विकतो.
त्याच्या कानात एक बोंडूक घातलं, तिसरं लावलं.
"वहीच है ना, मिक्सर?" म्हणत
तो गिऱ्हाइकाला काच चिकटवत राहिला,
बोट मात्र काउंटरवर ठोका धरत होतं,
सात,
आणि आठव्याला
वर उचललेलं, तसंच थांबलं.