चाव्या परत करण्याची शेवटची तारीख

मे महिन्याचा दुसरा शुक्रवार. नऊ ते चार.
खिडकीवर मी कागद डकवलाय:
चावी हरवल्यास पंधरा डॉलर. कारणं सांगू नयेत.
तरी सांगतातच.
या वर्षी पदवी घेणारी पोरं सगळी मिळून सदतीस.
मेन राज्याच्या या उत्तर टोकाला
त्याहून जास्त काळ्या माशा
माझ्या एका जाळीवर बसतात.

पहिली आली डेल्फीन वेलेट.
चार वर्षांत अकरा चाव्या हरवल्या हिनं,
अकरा वेळा या खिडकीशी रडली,
त्यातलं नऊ वेळचं रडणं खरं होतं.
आज काउंटरवर तिनं लोकरीचा मोजा उपडा केला.
खण्ण. अकराच्या अकरा.
"खोली आवरली," म्हणाली,
गुप्तधन लागल्याच्या थाटात.
आता दंड परत द्यायचा की कसं, याला नियम नाही.
नियम करणाऱ्यांनी डेल्फीन पाहिली नव्हती.

ॲन्सेल व्हिटकोमची चावी मात्र कोरी करकरीत.
तत्त्वज्ञानवाला. कुलूप लावणं त्याच्या तत्त्वात बसेना.
चोरण्यासारखं काही नाहीच, हा त्याचा सिद्धांत;
पहिल्याच थंडीत कोट गेला, हा प्रतिवाद.
तो कोट पुढची तीन वर्षं
टोबायस मिशोच्या अंगावर दिसत राहिला.
दोघं जिवलग.
कोटाचा विषय कधी निघाला नाही.

टोबायस बटाट्यांच्या शेतावरचा.
काढणीला घरी जायचा, आणि येताना
एकेका प्राध्यापकासाठी एकेक पोतं.
गुणपत्रिका बघता
त्या पोत्यांचा काडीचा उपयोग झाला नाही.
मी कुणाला गुण देत नाही,
मला दोन पोती मिळायची.

ग्रेटा हॅल्वर्सन, भूगर्भशास्त्र.
चावीच्या आधी खिशातून सात दगड निघाले,
प्रत्येकाची कुळकथा ऐकावी लागली.
रांग दारापर्यंत गेली. ऐकली.

होदान वारसामे रसायनशास्त्रात पहिली,
टोस्टमध्ये नापास.
तिच्यापायी तीनदा आगीची घंटा झाली,
तीनदा अख्खं वसतिगृह रात्री दोनला
गुडघाभर बर्फात, पायजम्यांत.
दर वेळी होदान पांघरूण लपेटून
एकेकापाशी जायची, नाव विचारून माफी मागायची.
तिसऱ्या खेपेला सगळ्यांची नावं तोंडपाठ.
म्हणून तर ती वर्गाची अध्यक्ष झाली, बिनविरोध.

प्रिसिला आणि जोएल एकत्र आल्या.
पहिल्या वर्षी यांनी खोलीच्या मधोमध
निळी चिकटपट्टी मारली होती: ही तुझी बाजू, ही माझी.
दार प्रिसिलाकडे गेलं, खिडकी जोएलकडे,
जोएल महिनाभर खिडकीतून ये-जा करत होती.
तळमजला होता म्हणून बरं.
आज दोघींना एकच शहर, एकच घर, भाडं निम्मं निम्मं.
"चिकटपट्टी घेतलीत का?" मी विचारलं.
दोघींनी एकदमच पिशवी उघडून दाखवली.

चाराला चार मिनिटं. खिडकी ओढायला घेतली
तर बाहेर एमेट रास्किन.
सदतिसातही हरवून जाईल असा मुलगा.
दर रविवारी वाचनालयाची घड्याळं लावायचा.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
मला वाटायचं, ती आपोआप बरोबर चालतात.
"ही मी ठेवली तर?"
म्हटलं, बाबा रे, जूनमध्ये सगळी कुलपं बदलतात.
ही कशालाच लागणार नाही.
"माहीत आहे," म्हणाला,
आणि कपडे धुण्याच्या यंत्रासाठी साठवलेली नाणी
पाव पाव डॉलरची, मोजत बसला.
एकोणसाठ भरली. एक कमी.

मी वहीत लिहिलं: चावी हरवली. दंड पूर्ण.
माझ्या वहीतलं हे पहिलं खोटं,
डेल्फीनची दोन सोडली तर.

मग खिडकी ओढली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटं.
पुढच्या रविवारपासून
ते माझं मलाच बघावं लागेल.