मगर ऊन खाते तेव्हा

पौषातली सकाळ. कमाटीबागेच्या मागल्या अंगाला
विश्वामित्री नदी म्हणावी की नाही, इतकीच उरते.
काठाला वेडी बाभूळ, तिच्या काट्यांत पुराने अडकवलेल्या पिशव्या,
कुणाच्या तरी गणपतीचा पाट,
आणि खाली चिखलाच्या उतारावर
ती.

मी बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात.
दांडिया बाजारापासून पादऱ्यापर्यंत किती वजनं उलटी करून पाहिली,
तळातलं शिसं कुणी खरवडलंय का.
हात अजून तसाच आहे.
कुणी प्रसादाचा पेढा ठेवला तरी
मिटायच्या आधी तोलतो.

छातीत कळ आली, तेव्हा मुलीने श्वासाच्या वर्गाला घातलं.
तिथे डोळे मिटून मी
शेजारच्या वैद्यबाईंचा श्वास माझ्यापेक्षा किती लांब
तेच मोजत बसायचो.
तीन महिन्यांची फी मात्र पुरी वसूल केली.

मग इथे आलो.
रयजीभाई शेळ्या चारत होता. म्हणाला,
'साहेब, आघा रहेजो. एने कंई उतावळ नथी.'

तिला काही घाई नाही.
घरी जाईपर्यंत ते वाक्य खिशात वाजत राहिलं
जप्त केलेल्या वजनासारखं.

हनुवटी चिखलात, जबडा अर्धा उघडा.
परीट पक्षी शेपूट हलवत तिच्या दातांपुढून जातो,
थांबतो, काहीतरी टिपतो.
ऊन पाठीवरच्या खवल्यांतून एकेक ओळ करत उतरतं.
तिला म्हणे आणखी एक पापणी असते, काचेसारखी.
मिटली तरी दिसत राहतं.

रोज येऊ लागलो.
घड्याळ आधी खिशात, मग घरीच.

एके दिवशी रयजीचं तांबडं करडू पाण्याशी गेलं.
एक आवाज झाला. एकच.
वर्तुळं काठाला लागली, विझली,
पाणी पुन्हा ताटासारखं.
रयजी बराच वेळ काही बोलला नाही.
मग उरलेली जनावरं मोजली. दोनदा.
मी बाभळीला धरून उभा होतो, काटा तळव्यात गेलेला
संध्याकाळी कळला.

मला वाटायचं, शांती म्हणजे
दात नसलेलं काहीतरी.

चार दिवस फिरकलो नाही.
पाचव्या दिवशी रयजी होताच, शंभर पावलं वरच्या बाजूला.
मी त्याच्या शेजारी बसलो.
ती नव्हती. चिखलात पोटाचा लांबट ठसा
आणि त्यात साचलेलं बोटभर पाणी,
पाण्यात आभाळ, आभाळात एक घार.
किती वेळ बसलो, सांगता येणार नाही.
मला सांगता येणार नाही, मला!

परतताना मंगळबाजारात पाव किलो पापडी घेतली.
पारडं टेकायच्या आतच बाईने उचललं.

दिसलं.
दिसू दिलं.